मूकबधिर, कर्णबधिर की नुसतं बधिर?

इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरात, यापुढे सणासुदीच्या प्रार्थनेला साइन लँग्वेजचा दुभाषी असणार आहे. त्याची हिब्रू सूचना ते मंडळीतल्या वयस्कर बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठी यहुदी, माणसांसाठी मराठीत करत आहेत. सूचनेत 'हेरशिम' आणि 'किव्दे-श्मिया' असे दोन शब्द आहेत. पहिल्यासाठी मूकबधिर लिहावं, कर्णबधिर लिहावं की सरळ बहिरे? आणि दुसऱ्याला मराठीत शब्द आहे का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. 'बधिर' आणि 'कमी ऐकू येणारे' असं लिहा. 'मूकबधिर' मात्र या सूचनेत येऊ देऊ नका, कारण यहुदी परंपरेत सगळा वाद त्या 'मूक'वरच झालेला आहे.

दुसरा शब्द सोपा आहे, तो आधी घेऊ. 'कवद-श्मिया' म्हणजे ज्याचं ऐकणं जड आहे तो. 'किव्दे-श्मिया' हे त्याचं अनेकवचन. आपणही 'आजोबांना हल्ली जरा जड ऐकू येतं' म्हणतोच. छापायला 'कमी ऐकू येणारे' बरं, कारण ते कोणालाही लागत नाही आणि लगेच कळतं. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या दोन गटांमध्ये डेसिबलची रेघ मारली आहे: दोन्ही कानांत ७० डेसिबलचा ऱ्हास असेल तर बधिर, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारा. प्रमाणपत्रासाठी ते ठीक. सिनेगॉगमधला फरक वेगळा असतो. एकाला दुभाष्याचे हात दिसले पाहिजेत, दुसऱ्याला आवाज नीट पोचला पाहिजे. म्हणूनच सूचनेत दोन्ही शब्द हवेत. एकातच सगळे कोंबले की ज्या आजींना फक्त कमी ऐकू येतं त्या 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसतात.

आता 'कर्णबधिर'. बधिर म्हणजेच बहिरा, मग कर्ण कशाला, असा आक्षेप अनेकजण घेतात. पण मराठीत बधिरचा दुसरा अर्थही रोजच्या वापरात आहे. दाताचे डॉक्टर हिरडी बधिर करतात, थंडीने बोटं बधिर होतात. तो गोंधळ टाळायला कर्ण जोडला गेला आणि शाळा, शासन, वर्तमानपत्रं यांच्यात तो रुजला. त्यामुळे 'कर्णबधिर' लिहिलंत तरी चूक नाही. इथे संदर्भ स्पष्ट असल्याने मी आखूड शब्द निवडला, इतकंच. 'बहिरा' हा तर आपला जुना, सरळ शब्द. पण 'बहिरा आहेस का?' असं खेकसण्यात तो इतका वापरला गेला आहे की आमंत्रणाच्या कागदावर नको.

उरला 'मूकबधिर'. जागोजागी 'मूकबधिर विद्यालय' अशा पाट्या आहेत, त्यामुळे हात आपोआप त्या शब्दाकडे जातो. बहुतेक बधिर माणसांचा आवाज शाबूत असतो. ऐकू न आल्याने बोलणं शिकणं अवघड जातं, एवढंच. आणि जो खुणांच्या भाषेत अस्खलित बोलतो तो मुका कसा? हे कारण कुठल्याही समाजात लागू आहे. यहुदी समाजात मात्र त्याला धर्मशास्त्राची धार आहे.

मिश्ना हा इसवी सनाच्या २०० च्या सुमारास संकलित झालेला यहुदी धर्मनियमांचा ग्रंथ. त्यात एक त्रिकूट पुन्हा पुन्हा येतं: 'हेरेश, शोते, काटान', म्हणजे बधिर, वेडा आणि अल्पवयीन मूल. या तिघांना धर्मकर्तव्यं बंधनकारक नाहीत, आणि त्यामुळेच इतरांच्या वतीने ती पार पाडण्याचा अधिकारही नाही. नववर्षाला शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकतात; ते हेरेशने फुंकलं तर ऐकणाऱ्यांचं कर्तव्य पूर्ण होत नाही. सामूहिक प्रार्थनेसाठी किमान दहाजणांचा 'मिनयान' लागतो. त्या दहात हेरेश धरायचा नाही, अशी रीत पडली. माणूस डोळ्यांसमोर बसलेला असे, पण मोजणीत नसे.

पण हा हेरेश कोण? मिश्नाच्या 'तरूमोत' भागात त्याची व्याख्याच दिली आहे: ऋषींनी जिथे जिथे हेरेश म्हटलं आहे, तिथे ऐकूही न येणारा आणि बोलूही न शकणारा, असा अर्थ घ्यायचा. ज्याला ऐकू येत नाही पण बोलता येतं, तो या त्रिकुटात येत नाही. म्हणजे मिश्नाच्या त्या वाक्यांचा अनुवाद करायचा असेल तर 'मूकबधिर' हाच अचूक शब्द आहे, नुसतं 'बधिर' तिथे चुकेल. आणि नेमकं त्याच कारणाने आजच्या सूचनेत तो चालणार नाही. आधुनिक हिब्रूत हेरेश म्हणजे साधं बधिर. त्याला 'मूक' जोडलं की नकळत त्या माणसाला पुन्हा जुन्या त्रिकुटात नेऊन बसवल्यासारखं होतं.

त्या काळच्या विद्वानांनाही ही चौकट पुरी पटली नसावी, असं वाचताना वाटतं. हेरेशने खुणांनी लग्न करावं आणि खुणांनीच घटस्फोट द्यावा, खुणांनी खरेदीविक्री करावी, अशी वाट मिश्नानेच ठेवली आहे. आणि तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेचा मोठा ग्रंथ, त्याच्या 'हगीगा' भागात एक गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटते. रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, येहूदा हानासी, ज्यांनी मिश्ना संकलित केली तेच, यांच्या परिसरात दोन मुके भाऊ राहत. रब्बी अध्ययनगृहात आले की तेही येऊन बसत, माना डोलवत, ओठ हलवत. रब्बींनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, दोघांना वाचा फुटली, आणि बघतात तर सगळं धर्मशास्त्र त्यांना पाठ! चमत्काराचा भाग सोडून द्या. ज्ञान आधीपासून आत होतं, ते बाहेर यायला वाट नव्हती, हे ज्याने ही गोष्ट नोंदवली त्याला कळलेलं होतं.

वाट एकोणिसाव्या शतकात शाळांनी काढली. व्हिएन्ना आणि बर्लिनमध्ये यहुदी बधिर मुलांच्या शाळा उभ्या राहिल्या. बर्लिनची शाळा मार्कुस राइश यांनी १८७३ मध्ये जवळच्या फ्युर्स्टेनवाल्डमध्ये सुरू केली, पुढे ती बर्लिनला हलली. शिकलेली, लिहिणारी, हिशेब करणारी बधिर मुलं समोर आल्यावर यांना वेड्यांच्या पंगतीत कसं बसवायचं, हा प्रश्न रब्बींना टाळता येईना. अमेरिकेत १९६० मध्ये लॉस एंजेलिसजवळ बधिरांचं स्वतःचं सिनेगॉग, टेम्पल बेथ सॉलोमन, सुरू झालं. १९९३ मध्ये रिबेका डुबोव या बधिर स्त्रीला रब्बीपदाची दीक्षा मिळाली. पुढे २०११ मध्ये अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह या मध्यममार्गी यहुदी पंथाच्या धर्मनियम समितीने रब्बी पामेला बारमाश यांचा निर्णय स्वीकारला: साइन लँग्वेज वापरणारा बधिर माणूस हेरेश नव्हे, तो मिनयानमध्ये धरला जाईल, तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनाला बोलावल्यावर आशीर्वचनं खुणांच्या भाषेत म्हणू शकेल. जुन्या वळणाच्या ऑर्थडॉक्स रब्बींमध्येही शिकलेल्या बधिर माणसाला सक्षम मानणारे बरेच आहेत.

म्हणून सूचनेत 'खाणाखुणांनी समजावून सांगितलं जाईल' असंही लिहू नका. खाणाखुणा बाजारात परप्रांतीयाशी करतात. 'इस्रायली साइन लँग्वेज' किंवा 'सांकेतिक भाषा' लिहा, पण 'भाषा' हा शब्द असलाच पाहिजे. बारमाश यांचा सगळा निर्णय ती भाषा आहे या एका गोष्टीवर उभा आहे.

प्रश्नाच्या शेवटी वाचकाने एक शंका जोडली आहे: 'शेमा यिस्राएल' या यहुदींच्या मुख्य प्रार्थनेच्या पहिल्या शब्दांचं 'ऐक, हे इस्राएला' हे भाषांतर बधिर माणसासमोर बरं दिसेल का? बेने इस्राएलांना या ओळीचं महत्त्व सांगायला नको. कोकणात शतकानुशतकं हिब्रू ग्रंथांवाचून राहिलेल्या या समाजाने बाकीच्या प्रार्थना विसरल्यावरही शेमा टिकवला, अशी त्यांची परंपराच सांगते. माझं मत: 'ऐक' खुशाल ठेवा. हिब्रू 'शमा' धातूत ऐकणं, समजणं आणि मानणं तिन्ही आहेत. बाबेलच्या बुरुजाच्या कथेत लोकांना एकमेकांची भाषा समजेनाशी होते, तिथे हाच धातू आहे. मराठीतही 'पोरगं कुणाचं ऐकत नाही' म्हणतो तेव्हा त्याच्या कानांबद्दल तक्रार नसते. तालमूदमध्ये तर याच शब्दावरून असं काढलं आहे की शेमा 'तुला समजेल त्या कुठल्याही भाषेत' म्हणावा. त्यात खुणांची भाषा का बसू नये?

अडचण आहे ती दुसरीकडे. शेमा म्हणताना उजव्या हाताने डोळे झाकायची चाल आहे. खुणांनी शेमा म्हणणाऱ्याला तो हात बोलायला हवा असतो आणि डोळे दुसऱ्यांचे हात बघायला. अशा वेळी डोळे उघडे ठेवणाऱ्याकडे कोणी रोखून पाहू नये, हे मंडळीला आधी सांगून ठेवावं लागतं.

'श्रवणयंत्र' की 'कानाचं मशीन', असंही विचारलं आहे. वयस्कर वाचक आहेत, तर कानाचं मशीनच लिहा. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या विश्रामदिनी, वीज चालू-बंद करायची नाही, पण शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी चालू केलेलं मशीन लावून यायला बहुतेक रब्बींची हरकत नाही. हे सूचनेत आलं तर लोक निःशंकपणे येतील. शोफारबद्दल मात्र तिथल्या रब्बींना विचारूनच लिहा. रब्बी श्लोमो झल्मान आउअरबाख यांच्या मते मशीनमधून येतो तो यंत्राने घडवलेला आवाज, त्याने शोफार ऐकल्याचं कर्तव्य पुरं होत नाही. रब्बी मोशे फाइनस्टाइन यांचा कल सौम्य होता.

तर मजकूर असा करता येईल: 'आपल्या सिनेगॉगमध्ये बधिर आणि कमी ऐकू येणाऱ्या मंडळींनी सणाच्या प्रार्थनेला जरूर यावं. इस्रायली साइन लँग्वेजचे दुभाषी समोर उजव्या बाजूला उभे असतील. त्या बाजूच्या पहिल्या दोन रांगा त्यांच्याकडे बघणाऱ्यांसाठी राखल्या आहेत. कानाचं मशीन असल्यास शब्बाथ लागण्यापूर्वी चालू करून यावं.' बाजू आणि रांगा तुमच्याकडे असतील तशा बदला. 'बधिरांची सोय केली आहे' असं वाक्य घालायचा मोह होईल, पण ते पाहुण्यांशी बोलल्यासारखं होतं आणि ही तर मंडळीतलीच माणसं. आणि शेवटी 'अधिक माहितीसाठी फोन करा' असं सवयीने येईल, तिथे 'व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज करा' असं करा.