पेशीतला ‘आण्विक लिफाफा’ आणि ‘आण्विक परिवहन’

विचारणा अशी: वनस्पतीपेशीवरच्या एका अनुवादित लेखात ‘आण्विक लिफाफा’ आणि ‘आण्विक परिवहन’ असे दोन शब्दप्रयोग भेटले. दोन्हींतला ‘आण्विक’ एकच का? आणि पेशीत अणूचा लिफाफा कुठून आला?

एकच नाही, आणि चुकलेत मात्र दोन्ही.

दुसरा, म्हणजे ‘मॉलिक्युलर ट्रान्सपोर्ट’चा ‘आण्विक’, बहुधा हिंदीवरून उचललेला दिसतो. हिंदीत अ‍ॅटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. आपल्याकडे अ‍ॅटम तो अणू, मॉलिक्यूल तो रेणू. हिंदीतला ‘आणविक’ मराठीत तसाच आणला, की रेणूचा अणू होऊन बसतो.

पहिल्याची, म्हणजे ‘न्यूक्लिअर एन्व्हलप’ची, गंमत वेगळी. ‘न्यूक्लिअर’ दिसले की अणुभट्टी आठवते आणि अनुवादकाचा हात आपसूक ‘आण्विक’कडे जातो. खरे तर हा शब्द आधी पेशीवाल्यांचा. लॅटिनमध्ये न्यूक्लिअस म्हणजे कवचाच्या आतला गर. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींत दिसणाऱ्या गोलसर ठिपक्याला हे नाव दिले. अणूला गाभा असतो हे रदरफर्ड यांनी दाखवले १९११ मध्ये. म्हणजे वनस्पतीचा न्यूक्लिअस ऐंशी वर्षांनी थोरला! पाठ्यपुस्तकांत त्याला केंद्रक म्हणतात. मराठी विश्वकोशात ‘प्रकल’ सापडेल. मला तो आवडतो, पण आज तो किती जणांना कळेल?

मग केंद्रकपटल म्हणावे की केंद्रकावरण? मी भेद पाळतो. केंद्रकाभोवती दोन पटले असतात, मध्ये चिंचोळी पोकळी, आणि बाहेरचे पटल आंतर्द्रव्यजालिकेशी (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याशी) सलग. एकेका थराला पटल आणि या सगळ्या रचनेला मिळून आवरण म्हटले, की घोळ होत नाही. ‘लिफाफा’ नकोच. तो चिकटवून बंद करतात. या आवरणाला मात्र असंख्य छिद्रे आहेत. (पेशी विभागताना ते फाटते आणि दोन नव्या केंद्रकांभोवती पुन्हा तयार होते. हे कुठल्या लिफाफ्याला जमते?)

‘परिवहन’ चूक नाही, फक्त मला त्यात एसटी दिसते. ‘वनस्पतीतील वहन’ म्हणावे, तर वाचक थेट जलवाहिन्या-रसवाहिन्यांत पोचतो. इथे आपल्या साध्या जोडशब्दांची मदत घ्यावी. आयन आणि लहान रेणू केंद्रकछिद्रांतून आपापले जातात-येतात, ती ये-जा. साधारण ४० किलोडाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वस्तुमान मोजण्याचे एकक) मोठ्या प्रथिनांना मात्र सहसा तसे शिरता येत नाही. अंगावर केंद्रकाचा पत्ता सांगणारा छोटा अमिनो आम्लक्रम लागतो, तो ओळखून इम्पोर्टिनसारखे वाहक त्यांना आत नेतात. ही ने-आण. फायटोक्रोम-ए या प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनाकडे तर स्वतःचा असा पत्ताही नसतो. अंधारात ते पेशीद्रव्यात थांबते आणि उजेड लागला की एफएचवाय१ या दुसऱ्या प्रथिनाचा हात धरून केंद्रकात शिरते. त्याला ये-जा म्हणणे मला तरी पटणार नाही.

तेव्हा त्या लेखाचे शीर्षक मी असे करीन: ‘वनस्पतीपेशीतील केंद्रकावरण आणि रेणूंची ने-आण’. संज्ञाच हवी असेल, तर ‘रेणवीय वहन’ चालेल.