क्लोरीनची इलेक्ट्रॉन ॲफिनिटी फ्लोरीनपेक्षा जास्त कशी?

तुमचं म्हणणं असं: गणात, म्हणजे आवर्तसारणीच्या उभ्या स्तंभात, वर जाताना इलेक्ट्रॉन ॲफिनिटी वाढते, मग सगळ्यात वर बसलेला फ्लोरीन क्लोरीनच्या मागे कसा? अकरावी-बारावीला शिकवताना दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. विचारणाऱ्याने आकड्यांचा तक्ता खरोखर पाहिलेला असतो, म्हणून मला हा प्रश्न आवडतो.

वायुरूपातल्या सुट्या अणूने एक इलेक्ट्रॉन घेतला की जी ऊर्जा बाहेर पडते, ती ही ॲफिनिटी. क्लोरीनची ३४९ किलोज्यूल प्रति मोल, फ्लोरीनची ३२८, ब्रोमीनची ३२५, आयोडीनची २९५. म्हणजे क्लोरीनपासून खाली नियम बरोबर चालतो, अडतो तो फ्लोरीनपाशी.

कारण दाटीवाटी. फ्लोरीनचं दुसरं कवच फार लहान, त्यात सात इलेक्ट्रॉन आधीच. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं असताना आठवा पाहुणा यावा, तसं. केंद्रक त्याला जोरात ओढतं, पण आतले सातजण त्याला बाहेर ढकलतातही. क्लोरीनचं तिसरं कवच ऐसपैस, तिथे ही ढकलाढकली कमी. ऑक्सिजन आणि गंधकाचंही तेच: १४१ आणि २००.

आवर्तात, म्हणजे सारणीच्या आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे वाढ होते खरी, पण मध्ये खड्डे आहेत. सोडियम ५३, शेजारचा मॅग्नेशियम मात्र इलेक्ट्रॉन घ्यायलाच तयार नाही, कारण त्याची एस कक्षिका (कवचातली इलेक्ट्रॉनची एक जागा) भरलेली. कार्बन १२२, तर अर्ध्या भरलेल्या पी कक्षिकांमुळे नायट्रोजन जवळजवळ शून्य. हेलियम, निऑनसारख्या राजवायूंचं तर विचारूच नका, तेही इलेक्ट्रॉन घेत नाहीत.

‘मग क्लोरीन जास्त क्रियाशील का नाही?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. ॲफिनिटी सुट्या अणूची असते, बाटलीतल्या वायूची नाही. फ्लोरीनचा रेणू तोडायला १५८ किलोज्यूल पुरतात, क्लोरीनला २४२ लागतात. शिवाय इलेक्ट्रॉन घेतलेल्या फ्लोरीनला, म्हणजे चिमुकल्या फ्लोराइड आयनाला, पाण्याचे रेणू घट्ट वेढतात, त्यात बरीच जास्त ऊर्जा सुटते. ॲफिनिटीतला एकवीस किलोज्यूलचा फरक तिथेच भरून निघतो.

परीक्षेत चिन्ह सांभाळा. काही पुस्तकं हाच आकडा उणे ३४९ असा, एन्थॅल्पी (ऊर्जेतला बदल, बाहेर पडली की उणे) म्हणून देतात. दोन्ही बरोबर, फक्त एका उत्तरात मिसळू नका.

आणि जाता जाता, सोन्याचा आकडा पाहा: २२३, गंधकापेक्षाही जास्त! सीझियमबरोबर सोनं चक्क ऋण आयन होतं. दोन धातूंच्या त्या संयुगाला सीझियम ऑराइड म्हणतात, आणि ते धातूसारखं वागत नाही.