खुराड्यातली ओल काढा, दिव्याचं मग बघू

घरची पाखरं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही शिकागोच्या पश्चिमेला राहतो. मुलीच्या हट्टापायी एप्रिलमध्ये सिल्की जातीच्या कोंबडीची चार पिल्लं आणली, आता त्यांच्या तलंगा झाल्यात. सोबत डोक्यावर पिसांचा झुपका असलेल्या दोन पोलिश कोंबड्या आहेत. खुराडं लाकडी, चार बाय आठ फुटांचं. इकडे जानेवारीत एखादी रात्र उणे २५ ची येतेच. नवरा म्हणतो, उबेसाठी लाल दिवा लावू. शेजारी म्हणतात, चुकूनही लावू नका. सिल्की नाजूक असतात एवढंच जो तो सांगतो. मला रात्री झोप लागत नाही.
— एक वाचक, इलिनॉय

उत्तर : झोप तुमची उडालीय, पाखरांची नाही, हे आधी लक्षात घ्या.

माझा पहिला हिवाळा सांगते. मिनियापोलिसच्या उत्तरेला आमचं घर. अमेरिकेत येऊन बारा वर्षं झाली होती, पण कोंबड्यांसोबतचा तो पहिलाच हिवाळा. इथे थंडी आली की लोक खिडक्यांना आतून पारदर्शक प्लॅस्टिक ताणून लावतात. मी तेच खुराड्याला केलं. फट दिसली की बुजवायची, दाराला जुनी गोधडी. नवरा म्हणाला, “एवढं तर आपण आपल्या घरालाही केलं नाही.” दहा दिवसांनी सकाळी दार उघडलं तर छताला आतून पांढरं हिम, खिळ्यांच्या टोकांना बर्फाचे मणी आणि डोळ्यांना झोंबणारा वास. लेगहॉर्न कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं काळी पडलेली. एक सिल्की घरघरत होती, ती चौथ्या दिवशी गेली. आणि बाहेर त्या आठवड्यात होतं किती? उणे १२. इथल्या मानाने काहीच नाही.

पुढे जानेवारी २०१९ च्या शेवटी मिनियापोलिसला पारा उणे ३३ पर्यंत उतरला. त्याच खुराड्यात तेव्हा सात पाखरं होती, त्यात चार सिल्की. दिवा नव्हता. एकाचंही बोट गेलं नाही. मधल्या काळात मी बुजवलेल्या फटी पुन्हा उघडल्या होत्या. फक्त वरच्या.

त्याचं असं आहे. कोंबडीचं अंग ४१ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे माणसात त्याला भला ताप म्हणतील. ती पिसं फुगवते, पिसांत हवा अडकते, ती हवा अंगाच्या उबेने तापते. झाली गोधडी. पण ही गोधडी भिजली की संपलं. नेहमीच्या पिसाचे धागे बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे पाणी वरच्यावर घरंगळतं. सिल्कीच्या पिसाला ते आकडेच नाहीत. म्हणून ती मांजराच्या पिल्लासारखी मऊ लागते आणि म्हणूनच पाणी थेट कातडीपर्यंत जातं. वाराही तसाच आत शिरतो. तिचा नाजूकपणा काय तो एवढाच. कोरडी आणि आडोशाला असेल तर ती चांगली काटक आहे.

आता खुराड्यात ओल येते कुठून? पाखरांकडूनच. विष्ठेत तीन चतुर्थांश तर पाणी असतं, वर रात्रभराचा श्वास. ती वाफ वर जाते. वाट मिळाली नाही तर थंड छताला लागून गोठते आणि सकाळी ऊन आलं की टपटप खाली. म्हणून छताखाली, दोन्ही लांब बाजूंना, वीतभर रुंदीची पट्टी उघडी ठेवा आणि तिला अर्ध्या इंची जाळी ठोका. साधी कोंबडीजाळी नको, मुंगसासारखी दिसणारी इथली जनावरं तिच्यातून सहज आत शिरतात. पाखरं बसतात त्या उंचीला मात्र एक फट नको. याची परीक्षा सोपी आहे. संध्याकाळी देवापुढची अगरबत्ती न्या आणि बसायच्या दांडीजवळ धरा. धूर सरळ वर जाऊन छतापाशी बाहेर ओढला गेला तर झालं. दांडीपाशीच आडवा पळाला तर वारा येतोय, ती फट शोधा. सकाळी खिडकीच्या काचेवर आतून हिम दिसलं तर वरची वाट अजून मोठी करा. बाहेर उणे २० असताना हात भोक मोठं करायला धजत नाही, मला माहीत आहे. तरी करा.

खाली पाइनच्या लाकडाचा कोरडा भुसा फूटभर घाला. आपल्याकडे याला गादी पद्धत म्हणतात. वरचा थर रोज दाताळ्याने हलवा, चिकटलेला पो उचला, आठवड्याला नवा भुसा पसरा. मी मूठभर मका त्यात टाकते, पाखरंच उकरून माझं काम करतात. बाकी खरी परीक्षा नाकाची. दार लावून आत उकिडवं बसा, नाक कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला आणा. उभं राहून वास आला नाही म्हणजे नाही असं नसतं. नाकात अमोनिया चढला तर त्याच दिवशी गादी बदला.

सिल्की उडत नाही, दांडीवर बसायची तिला हौसही नसते. सगळ्या कोपऱ्यात एकीवर एक ढीग करून झोपतात आणि खालची गुदमरते, नाहीतर पोटाखाली ओली होते. त्यांच्यासाठी जमिनीपासून फूटभर उंचीवर दोन बाय चार इंची फळी टाका, पण रुंद बाजू वर. गोल काठीला पाय गुंडाळावे लागतात, मग बोटं उघडी पडतात. सपाट फळीवर ती बोटांवर पोट टेकून बसते, बोटं झाकली जातात. अंधार पडल्यावर एकेकीला उचलून फळीवर ठेवायचं. माझ्या पाखरांना अकरा दिवस लागले. दोन अजूनही खालीच झोपतात, त्यांच्याशी मी वाद घालणं सोडलं.

सिल्कीच्या पायांनाही पिसं असतात. बर्फात फिरली की त्यांत बर्फाचे गोळे अडकतात. फिरायच्या जागेचा बर्फ फावड्याने ओढून पेंढा पसरा, तीन बाजूंनी वाऱ्याला आडोसा करा, दक्षिण उघडी ठेवा. कुणी भिजलंच तर घरात आणून पंच्याने टिपा, हेअर ड्रायरच्या मंद हवेवर अगदी कातडीपर्यंत वाळवा आणि पूर्ण सुकली की परत सोडा. आठवडाभर हीटरच्या घरात लाडावून मग उणे २० त सोडणं हे थंडीपेक्षा वाईट.

पोलिशचं दुखणं वेगळं. पाणी पिताना झुपका भांड्यात बुडतो, बाहेर आली की गोठतो आणि डोळ्यांवर बर्फाची झालर. वर त्यांना आधीच धड दिसत नाही. डोळ्यांवरची पिसं कात्रीने कापा. शो नसेल तर शोभेची काळजी नको. पाण्याच्या घमेल्यात मधोमध एक मोठा धोंडा ठेवा, म्हणजे कडेला बोटभर पाणी उरतं, चोच बुडते, झुपका बुडत नाही. मी दोन काळी रबरी घमेली वापरते. एक घरात वितळत असतं, एक बाहेर. सकाळी आणि दुपारी अदलाबदल. रबर आपटलं की बर्फाचा गोळा अख्खा निघतो. रात्री खुराड्यात पाणी ठेवूच नका, तीही ओलच.

खाणं दिवसभर समोर हवं, हिवाळ्यात त्या जास्तच खातात. झोपायच्या आधी मका भरडा द्या. तो रात्रभर पचत राहतो आणि पचनाचीच ऊब मिळते. माझी आजी थंडीत कोंबड्यांना बाजरी टाकायची आणि म्हणायची, “उष्ण असते.” पचायला वेळ लागेल असं कुठलंही धान्य त्या अर्थाने उष्णच.

आता दिवा. २५० वॅटचा तापलेला दिवा, खाली फूटभर सुका भुसा, धूळ आणि एक घाबरून उडालेली पोलिश. आग लागायला आणखी काय हवं? दुसरं म्हणजे, दिव्याच्या उबेला सरावलेल्या पाखरांची वीज नेमकी हिमवादळाच्या रात्री जाते. उणे २५ ला हळूहळू पोचलेली पाखरं तगतात, एका तासात ढकललेली नाहीत. म्हणून तुमच्या शेजाऱ्यांची बाजू मी घेते.

पण मी काही व्रत घेतलेलं नाही. पिल्लांना दिवा लागतोच, पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी, अंगभर पिसं येईपर्यंत. आजारी पाखरू, ऐन थंडीत पिसं झडून उघडं पडलेलं पाखरू, मलेशियाची ती अर्ध्या किलोचीही नसलेली सेरामा, यांना गॅरेजमध्ये किंवा घरात घ्या. तुमच्या सहा जणींना त्याची गरज नाही. चार बाय आठमध्ये सहा म्हणजे जागा ऐसपैस आहे.

प्रश्न : ताई, मी निफाड तालुक्यातला. द्राक्षबागेच्या कडेला शेडमध्ये ३० कडकनाथ आणि हौसेने आणलेल्या ६ झुपकेवाल्या फॅन्सी कोंबड्या आहेत. थंडी पडली म्हणून शेडला चारी बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद लावला, २०० वॅटचे दोन बल्ब लावले. तरी आठ दिवसांपासून पाखरं शिंकतायत. अजून किती बल्ब लावू?
— एक शेतकरी वाचक, निफाड

उत्तर : भाऊ, बल्ब वाढवू नका, कागद काढा.

मी मूळची सिन्नरची, त्यामुळे निफाडची थंडी मला सांगायला नको. २०१८ च्या डिसेंबरात तुमच्याकडे पारा दोन अंशांच्या खाली गेला होता. तरीही अंगभर पिसं असलेल्या मोठ्या कोंबडीला तेवढी थंडी सोसते. तुमच्याकडचा ताप वेगळाच आहे. पहाटे पाच अंश आणि दुपारी ऊन चटके देतं. प्लॅस्टिकच्या आत दिवसा वाफ धरते, रात्री ती कागदाला लागून पाणी होते, तूस ओलं होतं, त्यातून वास सुटतो आणि तोच त्यांच्या नाकात जातो. शिंका थंडीच्या नाहीत, त्या वासाच्या असाव्यात.

गोणपाटाचे पडदे लावा. वरून हातभर उघडे राहतील असे, खालून घट्ट बांधलेले. अनेक शेडमध्ये पडदा उलटा असतो. खालून उघडा, वरून बंद. म्हणजे वारा पाखरांच्या अंगावर आणि घाण हवा डोक्यावर. दिवसा पडदे पूर्ण उघडा. ओलं झालेलं तूस भरून बाहेर काढा, नवं टाका, थोडी चुन्याची भुकटी मिसळून एक दिवसाआड उकरा. पाण्याच्या भांड्याखाली विटा ठेवा म्हणजे सांडलवंड कमी होईल.

आणि एक. बाग वाचवायला तुम्ही पहाटे शेकोट्या पेटवत असाल, त्यांचा धूर शेडकडे येतो का बघा. येत असेल तर शेकोटीची जागा बदला. ओल्या काटक्यांचा धूर पाखरांच्या छातीला बाधतो.

एवढं करून तीन-चार दिवसांत शिंका थांबल्या नाहीत, तोंड सुजलं, डोळ्यांत फेस आला, नाकाला घाण वास यायला लागला, तर दुकानातून पुडी आणू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. मान वाकडी झाली किंवा हिरवी पातळ विष्ठा दिसली तर त्याच तासाला जा. मानमोडीची लस कधी दिली होती ते तुम्ही लिहिलं नाहीत, डॉक्टर पहिलं तेच विचारतील.

प्रश्न : कोंबड्याच्या तुऱ्याला व्हॅसलीन लावल्याने हिमबाधा टळते का? आणि सिल्कीला ती झाली हे कळणार कसं? तिचा तुरा तर मुळातच काळपट असतो!
— एक वाचक, टोरोंटो

उत्तर : मी लावते, पण भरवसा ठेवत नाही. खुराडं ओलं असेल तर डबा रिकामा केलात तरी तुरा जाणार.

दुसरा प्रश्न मला आवडला. सिल्कीत रंग दगा देतो, म्हणून हात लावून बघायचं. तुरा कडक, गार आणि लाकडासारखा लागला तर बाधा झाली. चोळू नका, गरम पाण्याची पिशवी लावू नका, हळूहळू सामान्य तापमानाला येऊ द्या. काळं टोक कापायचं तर अजिबात नाही. खालचा जिवंत भाग त्याच्या आडोशाने भरून येतो, टोक आपोआप गळतं. नरांवर जास्त लक्ष ठेवा. कोंबडी झोपताना डोकं पंखात घालते, कोंबडा पुष्कळदा घालत नाही.

तुम्ही कॅनडातच आहात तर पुढची पाखरं घेताना शांतेक्लेर बघा. क्यूबेकमधल्या ओका इथल्या मठातल्या एका धर्मबंधूने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात तयार केली. तुरा इतका छोटा की गोठायला काही उरतच नाही. ब्रह्माही चांगली, तिचाही तुरा बसका. नाव आपल्या ब्रह्मपुत्रेवरून, पण जात घडली अमेरिकेत, चीनहून आलेल्या कोंबड्यांपासून. पुण्याच्या माझ्या आतेभावाला हे अजून पटत नाही. ब्रह्माच्या पायांना मात्र पिसं असतात, तेव्हा बर्फाच्या गोळ्यांचं वर लिहिलंय ते तिलाही लागू.

प्रश्न : सासूबाई भारतातून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांनी आमच्या पाचही कोंबड्यांना लोकरीचे स्वेटर विणलेत. दिसतात फार गोड. घालू का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : फोटो काढेपर्यंत घाला. मग काढा. स्वेटरखाली पिसं दबतात, फुगत नाहीत, म्हणजे तिची स्वतःची गोधडी आपण काढून घेतली. लोकर भिजली की वाळतही नाही, आत उवा झाल्या तर दिसत नाहीत, आणि नखं धाग्यात अडकतात ते वेगळंच.

सासूबाईंना रिकामं बसवत नसेल तर एक काम सांगा. एका जुन्या टबात कोरडी माती आणि चुलीची, नाहीतर फायरप्लेसची, चाळलेली लाकडाची राख अर्धी अर्धी घालून खुराड्याच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवायला सांगा. कोळशाची राख नको. बर्फामुळे बाहेर धूळ मिळत नाही, आणि धुळीत लोळल्याशिवाय उवा जात नाहीत. गावाकडे उकिरड्याच्या राखेत लोळणाऱ्या कोंबड्या त्यांनी पाहिल्या असतीलच, प्रमाण त्या बरोबर घेतील.