'रीझन ऑफ' की 'रीझन फॉर'?

रजेच्या इंग्रजी अर्जात 'द रीझन ऑफ माय ॲब्सेन्स' लिहावे की 'द रीझन फॉर माय ॲब्सेन्स', आणि 'कॉज' या नामापुढे मात्र 'ऑफ' कसे चालते, असा प्रश्न आहे.

अर्जात 'रीझन फॉर' असेच लिहावे. तिथे 'ऑफ' सुचते ते मराठीच्या षष्ठीमुळे. गैरहजेरीचे कारण, पाण्याची मागणी, प्रश्नाचे उत्तर, दुधाचा तुटवडा हे चारही संबंध आपण चा-ची-चे या एकाच प्रत्ययाने दाखवतो. इंग्रजीत मात्र पहिल्या दोन नामांपुढे 'फॉर', 'आन्सर'पुढे 'टू' आणि केवळ 'शॉर्टेज'पुढे 'ऑफ' येते.

'कॉज' आणि 'रीझन' या दोहोंना आपण कारणच म्हणतो, पण जी गोष्ट प्रत्यक्ष परिणाम घडवते ती 'कॉज', म्हणून आग कशाने लागली हे सांगताना 'द कॉज ऑफ द फायर'. आणि एखादी कृती का केली किंवा एखादी गोष्ट तशी का आहे याचा जो खुलासा द्यायचा, तो 'रीझन', म्हणून 'द रीझन फॉर द डिले'. विशेष म्हणजे 'कॉज'चा अर्थ 'सबळ आधार' असा झाला की त्यापुढेही 'फॉर' येते : 'देअर इज नो कॉज फॉर अलार्म', म्हणजे घाबरण्याचे कारण नाही. माझ्या मते हेच उदाहरण सर्वांत बोलके आहे, कारण नाम तेच असूनही अर्थ पालटताच त्यामागून येणारे शब्दयोगी अव्यय पालटते. 'इन्क्रीज'चेही तसेच आहे. जे वाढले त्यापूर्वी 'इन' आणि जितके वाढले त्यापूर्वी 'ऑफ', म्हणून 'ॲन इन्क्रीज ऑफ टेन पर्सेंट इन द फेअर'.

बंदी, कर, हल्ला, परिणाम या नामांच्या बाबतीत मराठीतील 'वर' आणि इंग्रजीतील 'ऑन' बरेचसे जुळतात. विश्वासाच्या बाबतीत मात्र ते जुळत नाहीत. तिथे 'कॉन्फिडन्स इन' म्हणावे लागते.

नामाचे अव्यय क्रियापदाला जोडण्याची चूकही फार आढळते. 'अ डिस्कशन अबाउट द बजेट' बरोबर आहे, पण 'वी डिस्कस्ड अबाउट द बजेट' चूक आहे, कारण 'डिस्कस' या क्रियापदाला थेट कर्म लागते. 'डिमांड'लाही हेच लागू पडते. त्यामुळे शंका आल्यास शब्दकोशात त्या शब्दाची नाम म्हणून दिलेली नोंद काढून तिच्यातील उदाहरणवाक्ये पाहावीत, क्रियापदाच्या नोंदीवरून अंदाज बांधू नये.