शेजारच्या तीन वर्षाच्या मुलीचा हात सुजलाय, घरात मारतात असं वाटतंय, काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की पोरगी परवा कॉटवरनं पडली म्हणे, हात कोपरापाशी सुजलाय, घरच्यांनी हळद लावून ठेवलीय आणि रात्री भिंतीपलीकडनं मारल्याचा आवाज येतो. हात मोडलाय हे कसं ओळखायचं आणि आपण मध्ये पडावं का, हे दोन प्रश्न. मी डॉक्टर नाही, कोल्हापुरात एका हॉस्पिटलात 19 वर्षं एक्सरे काढतोय, रोज पोरांचे हात बघतो, तेवढ्यावरनं सांगतो.

हाताचं आधी, कारण ते आजच व्हायला पाहिजे. बोटं हलतायत म्हणजे मोडलं नाही असं सगळेच म्हणतात, ते साफ चूक आहे, मोडलेल्या हाताची बोटं हलवत आलेली शेकड्यानं पोरं मी बघितलीत. पोरगी तो हात वापरत नाही, दुसऱ्या हातानं धरून पोटाशी ठेवते, एकाच जागी हात लावला की कळवळते आणि वर सूज आहे, एवढं असलं की एक्सरे काढायचाच. नुसता हाताला धरून ओढल्यानं कोपर सरकतं तेव्हा हात लोंबतो पण सूज शक्यतो नसते, तुमच्या पोरीला सूज आहे. लहान पोराचं हाड ओल्या काठीसारखं असतं, पूर्ण तुटत नाही, एका बाजूनं चिरतं आणि वाकतं, म्हणून बाहेरनं हात सरळ दिसला तरी आत मोडलेला असू शकतो.

कोपराला मी जास्त घाबरतो कारण पुढनं रक्ताची मोठी नस जाते. नख दाबून सोडा, दोनेक सेकंदात परत गुलाबी व्हायला पाहिजे. बोटं गार, पांढरी किंवा निळी पडली, मुंग्या येतायत म्हणाली, किंवा बोट सरळ करताना ओरडली तर उद्यापर्यंत थांबायचं नाही, तसंच उचलून न्यायचं, 108 ला फोन करा नाहीतर रिक्षा. आपल्याकडं तालमीतल्या वस्तादांनी पिढ्यानपिढ्या हाडं बसवलीत, मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण लहान पोराच्या कोपराला तेल चोळून कामट्या आवळून बांधल्या आणि रक्त अडलं तर काही तासांत आतला स्नायू मरतो आणि बोटं आयुष्यभर आखडून राहतात. असा एक हात मी फिल्मवर नाही, समोर टेबलावर बघितलाय.

आता तुमचा खरा प्रश्न. तीन वर्षाचं पोर कॉटवरनं पडून कोपर किंवा गळपट्टीचं हाड मोडू शकतं, रोज होतं असं, त्यामुळं नुसत्या मोडलेल्या हातावरनं कुणी मारलं असं म्हणता येत नाही. बघायचं असतं ते हकीगत आणि हाड जुळतंय का. जे बाळ अजून पालथं पडत नाही त्याची मांडी मोडलीय आणि घरचे म्हणतात पाळण्यातनं घसरलं, तिथं जुळत नाही. लहान बाळाची बरगडी मागं मणक्याजवळ मोडलेली दिसली तर मला धडकी भरते, कारण बरगड्या लवचिक असतात, साध्या पडण्यानं तिथं मोडत नाहीत, दोन हातात धरून आवळल्यावर मोडतात. एक जखम ताजी आणि दुसऱ्या हाडावर जुनी भरत आलेली गाठ दिसली तर तेही तसंच, नवीन हाड फिल्मवर दिसायला दहा-पंधरा दिवस लागतात म्हणून डॉक्टर दोन आठवड्यांनी परत एक्सरे सांगतात. आमच्या लाईनमधल्या जॉन कॅफी नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1946 साली 6 बाळांबद्दल लिहिलं, मेंदूभोवती रक्तस्राव आणि लांब हाडांत मिळून 23 फ्रॅक्चर, आणि घरच्यांच्या सांगण्यात त्याला पुरेल असं काहीच नव्हतं.

अंगावरचे वळही बघा, पण दुरून, कपडे काढायला लावू नका. गुडघा, नडगी, कपाळ इथं पोरांना लागतंच. कान, मान, पाठ, पोट, मांडीची आतली बाजू इथं पडून लागत नाही सहसा. वायर दुमडून मारल्याचा वळ यू आकाराचा उठतो. कंबरेवरचे जन्मापासूनचे निळसर डाग मात्र मार नव्हे, आणि काही पोरांची हाडंच ठिसूळ असतात, म्हणून निकाल आपण द्यायचा नाही.

माझ्याकडनं एकदा चूक झालीय. चारेक वर्षाचा मुलगा, मनगट मोडलेलं, बाप म्हणाला जिन्यावरनं पडला, आजी आत येऊन म्हणाली सायकलवरनं. मी हात प्लेटवर सरळ ठेवला, दुखणारच होतं, तो रडला नाही, आधी बापाच्या तोंडाकडं बघितलं. कानामागं निळं होतं. मी एक्सरे काढला आणि गप्प बसलो, माझं काम नाही म्हणून. तीन महिन्यांनी तो परत आला, यावेळी दंडाचं हाड. त्या दिवशी मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, त्यांनी एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, केली आणि पुढचं यंत्रणेनं बघितलं, पण ते तीन महिने माझ्या डोक्यातनं जात नाहीत. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

तर मध्ये पडा. भांडायला नाही, बापाला जाब विचारायला तर अजिबात नाही, त्याचा राग रात्री पोरीवरच निघतो. आईला एकटीला गाठा, मारण्याचा विषय काढू नका, नुसतं म्हणा हात सुजलाय, चला मी येते सोबत, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, दाखवून येऊ. तिथं डॉक्टरांना एकट्यात सांगा की रात्री आवाज येतात. आई नाही म्हणाली किंवा आज परत आवाज आला तर 1098 लावा, ही मुलांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास चालू, फुकट, आणि तुमचं नाव गुप्त ठेवायला सांगा. मारहाण चालू असेल त्या क्षणी 112. पुढं बाल कल्याण समिती बघते, तक्रार केली की लगेच पोर घरातनं उचलून नेतात असं दरवेळी होत नाही. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानंच छळलं तर 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 75 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपये दंड किंवा दोन्ही आहे, म्हणजे हे कुणाच्या घरची खाजगी भानगड नाही. आईलाही मार बसत असेल तर तिच्यासाठी महिला हेल्पलाइन 181.

जाताना एक जुनी ओढणी आणि वहीचा पुठ्ठा घेऊन जा. हातात बांगडी, मनगटी असेल तर आधी काढा, साबण लावून, सूज वाढली की निघत नाही. हात आहे त्याच अवस्थेत पुठ्ठ्यावर ठेवून सैल बांधा, सरळ करायला जाऊ नका, ओढणी गळ्यात अडकवून झोळी करा. निघताना काही खायला देऊ नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं लागतं. जाऊन आलात की इथं खाली कळवा, मी रात्री दहानंतर बघतो.