डायरीत 'मी' किती आणि मुलं किती?

प्रश्न : मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणित आणि विज्ञान या माझ्या पद्धती, म्हणजे शिकवायला घेतलेले विषय. सध्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत आंतरवासिता (इंटर्नशिप) सुरू आहे. रोज चिंतन दैनंदिनी, म्हणजे आपल्या पाठाबद्दल विचार करून लिहायची डायरी, लिहावी लागते. आमच्याकडे सगळेच मागच्या बॅचच्या वह्या उतरवतात, मीही उतरवते. गेल्या आठवड्यात सहावीवर दशांश अपूर्णांकांची तुलना शिकवली. पाठ रंगला, मुलं दर वेळी 'हो' म्हणत होती. मार्गदर्शक मॅडमनी 'उत्तम पाठ' असा शेराही दिला. नंतर वह्या तपासल्या, तर निम्म्याहून जास्त मुलांनी ३.१२ ही संख्या ३.५ पेक्षा मोठी लिहिली होती. तेव्हापासून नीट झोप नाही. मला शिकवता येत नाही असंच वाटतं. वडील म्हणतात, शिक्षक भरतीचं काही खरं नाही, बँकेच्या परीक्षेचा क्लास लाव. बी.एड. सोडू का? आणि या दैनंदिनीचा खरंच काही उपयोग असतो का?
– एक छात्राध्यापिका (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर :

प्रिय विद्यार्थिनी,

'उत्तम पाठ' असा शेरा हातात पडल्यावर तू निवांत घरी जाऊ शकली असतीस. पण तू वह्या मागवल्यास, तपासल्यास आणि जे दिसलं ते झाकलं नाहीस. पत्रातल्या या ओळी मी दोनदा वाचल्या. आंतरवासितेत जी मुख्य गोष्ट शिकायची असते, तिची सुरुवात तू कुणी न सांगता केली आहेस. फक्त ती दैनंदिनीत लिहिण्याऐवजी मला लिहिलीस.

आधी त्या ३.१२ कडे बघू. मुलांनी असं का लिहिलं, हे तू त्यांना विचारलंस का? पत्रात तसा उल्लेख नाही. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी अकरा वर्षं पाचवी ते सातवीला गणित शिकवलं. ही चूक मला दर वर्षी भेटायची. मुलं ती संख्या 'तीन पॉइंट बारा' अशी वाचतात. बारा पाचापेक्षा मोठे, म्हणून तीन पॉइंट बारा मोठी. पहिलीपासून घोटलेला पूर्ण संख्यांचा नियम त्यांनी सरळ चिन्हाच्या उजवीकडे नेलेला असतो. त्यात भर क्रिकेटची. टीव्हीवर १९.५ षटकं दिसतात आणि पुढच्या चेंडूला २० होतात. ते टिंब दशांशाचं नाही, सहा चेंडूंच्या षटकाचं आहे, पण मुलाला हे कोण सांगणार? तुझ्या वर्गात येण्याआधीच त्या टिंबाचा एक अर्थ त्याच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. तुझ्या मुलांनी विचार केला होता, आणि त्यांच्या परीने तो सुसंगतही होता. असा विचार पुसायचा तर आधी तो ऐकावा लागतो.

आता तुझी दैनंदिनी. मागच्या बॅचच्या वहीत काय असतं ते मला वहीला हात न लावताही सांगता येईल : 'आजचा पाठ समाधानकारक झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. फलकलेखन व वेळेचे नियोजन यांत सुधारणेस वाव आहे.' हे वाक्य कुठल्याही शाळेत, कुठल्याही विषयाला, कुठल्याही तारखेला चालतं. ते लिहिताना तुला त्या वर्गातलं एकही मूल आठवावं लागत नाही.

आणि तू मला जे लिहिलंस, 'मला शिकवता येत नाही', तेही याच जातीचं आहे, असं म्हटलं तर तुला लागेल. तरी म्हणते. तेही कुठल्याही शाळेत, कुठल्याही तारखेला चालणारं वाक्य आहे. त्यातही मुलं नाहीत. पहिल्या वाक्यात स्वतःला पास केलंय, दुसऱ्यात नापास. उद्या सकाळी सहावीच्या वर्गात शिरताना यांतलं एकही उपयोगी पडणार नाही.

मग कसं लिहायचं? मी तुझ्या जागी असते तर साधारण असं लिहिलं असतं. तपशील माझ्या कल्पनेतले आहेत, तू तुझे खरे घाल :

'सहावी, चौथा तास. ३.१२ आणि ३.५ यांत ४१ पैकी २३ जणांनी ३.१२ मोठी लिहिली. तासात मी तीनदा "समजलं का?" विचारलं, तिन्ही वेळा सगळ्यांनी एका सुरात हो म्हटलं. मधल्या सुट्टीत खिडकीजवळच्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, "बारा मोठे ना, मॅडम." फळ्यावर घेतलेली उदाहरणं पुन्हा पाहिली : २.४ आणि २.७, ५.१३ आणि ५.१८. प्रत्येक जोडीत चिन्हापुढच्या अंकांची संख्या सारखीच होती, त्यामुळे चुकीच्या नियमानेही उत्तर बरोबरच येत होतं. चूक दिसायला मी जागाच ठेवली नव्हती. उद्या पहिल्या पाच मिनिटांत ३.१२ आणि ३.५ हीच जोडी. हात वर नाही, प्रत्येकाने चिठ्ठीवर उत्तर लिहायचं. मग मीटरपट्टीवर दोन्ही लांबी मोजायच्या.'

बारा-तेरा ओळी झाल्या. यात 'मी' आहे, पण ती काय करत होती एवढ्यापुरती. तुझं पाठ टाचण (पाठाचा लेखी आराखडा) काढ आणि त्या दिवशीची उदाहरणं तपासून बघ. निवडच तशी झाली असेल, असा मला दाट संशय आहे. पुस्तकातला क्रम जसाच्या तसा घेतला की असं सहज होतं.

या प्रकारच्या विचारावर शंभर वर्षांहून जास्त काळ लिहिलं जातंय. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० साली त्याची मांडणी केली आणि १९३३ मध्ये ती सुधारून पुन्हा मांडली. सवयीने केलेली कृती आणि विचारपूर्वक केलेली कृती यांत त्यांनी फरक केला. असा विचार करायला मोकळं मन, जीव ओतून काम करण्याची वृत्ती आणि परिणामांची जबाबदारी घेण्याची तयारी लागते, असं त्यांचं म्हणणं. डोनल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये वास्तुरचनाकार, मानसोपचारतज्ज्ञ अशा व्यावसायिकांकडे पाहून या विचाराचे दोन प्रकार सांगितले : काम करता करता होणारा विचार आणि काम उरकल्यावर मागे वळून केलेला विचार. तुझ्या परीक्षेत हे येईल, तेव्हा पाठ कर. पण यातली खरी मेख अशी की पहिला प्रकार दुसऱ्याच्या सरावाशिवाय अंगी मुरत नाही. अनुभवी बाई वाक्य अर्ध्यावर तोडून उदाहरण बदलतात, कारण अशा शंभर चुका त्यांनी आधी घरी बसून उलगडलेल्या असतात.

पहिल्या वर्षी तू सूक्ष्म अध्यापन, म्हणजे एकेका कौशल्याच्या सरावासाठी घेतलेले छोटे पाठ, केलं असशील. आपल्याकडे रूढ असलेलं त्याचं चक्र ३६ मिनिटांचं : ६ मिनिटं अध्यापन, ६ मिनिटं प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), १२ मिनिटं पुनर्नियोजन, मग ६ मिनिटं पुनरध्यापन आणि ६ मिनिटं पुनःप्रत्याभरण. सर्वांत जास्त वेळ पुनर्नियोजनाला दिलाय, शिकवण्याच्या दुप्पट. बऱ्याच ठिकाणी घाईत नेमकी तीच १२ मिनिटं गाळली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दैनंदिनी म्हणजे ती गळालेली १२ मिनिटं रोज परत मिळवण्याची सोय आहे.

आता तुझ्या झोपेबद्दल. १९६९ साली फ्रान्सिस फुलर या अमेरिकन संशोधक बाईंनी एक निरीक्षण मांडलं. शिकाऊ शिक्षकाची काळजी आधी स्वतःभोवती फिरते : वर्ग आवरेल का, मुलं हसतील का, निरीक्षक काय म्हणतील. हळूहळू ती शिकवण्याच्या कामाकडे सरकते, आणि मुलं खरंच शिकली का, ही चिंता सर्वांत शेवटी येते. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं की हा क्रम प्रत्येकाच्या बाबतीत इतका सरळ नसतो. तुझ्याच पत्रात दोन्ही टोकं एकाच वेळी आहेत. वह्या तपासणारी तू शेवटच्या टप्प्यावरची आहेस, आणि 'मला येत नाही' म्हणत जागी राहणारी तू पहिल्या. म्हणून दर शनिवारी आठवड्याच्या नोंदी वाचताना एवढंच बघ : किती ओळी तुझ्याबद्दल आहेत आणि किती मुलांबद्दल. पहिल्या महिन्यात तुझ्याबद्दलच्या जास्त असतील. असू देत. डिसेंबरपर्यंत पारडं कुठे झुकतं ते बघ.

आपल्याकडे हे शब्द नव्हते तेव्हाही हे काम झालेलं आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी डहाणूजवळच्या बोर्डीत ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात. 'यांना शिकायचंच नाही' असं लिहून मोकळं होता आलं असतं. त्यांनी बालवाडी उचलून वस्तीच्या अंगणात नेली, आणि आज देशभर ओळखीचा असलेला अंगणवाडी हा शब्द तिथून आला. पुढे कोसबाडच्या परिसरात गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येऊ शकत नाहीत हे दिसलं, तेव्हा शाळा कुरणात गेली : कुरणशाळा. तुझं मीटरपट्टी घेऊन सहावीत जाणं आणि त्यांचं कुरणात जाणं यांत आवाक्याचा प्रचंड फरक आहे. पण मूल का येत नाही, का चुकतं, हे आधी बघायचं आणि मग आपली पद्धत हलवायची, ही चाल तीच.

एक अडचण मान्य करते. दैनंदिनीला गुण असतात. जिथे गुण, तिथे माणूस दिसायला बरं तेच लिहितो, आणि याचा दोष फक्त विद्यार्थ्यांना देणं मला पटत नाही. माझ्या स्वतःच्या बी.एड.मध्ये मी एका पाठाची फसगत प्रामाणिकपणे लिहिली, तर 'नकारात्मक लेखन टाळावे' असा लाल शाईचा शेरा मिळाला होता. त्यानंतर वर्षभर मी वहीत खरं लिहिलं नाही. म्हणून तू एक साधी दोनशेपानी वही स्वतःसाठी ठेव, कुणालाही न दाखवायची. जमा करायच्या दैनंदिनीत तिच्यातलंच निवडून, नीटनेटकं करून लिही. मुलांची नावं कुठल्याच वहीत लिहू नकोस, खुणा ठेव. उतरवणं मात्र उद्यापासून बंद कर. बाकीच्यांनी काय करावं हे त्यांच्यावर सोड.

आणि एकटी विचार करत बसू नकोस, एकटीचा विचार रात्री अकरानंतर फक्त स्वतःला बोल लावायला लागतो. एखाद्या मैत्रिणीला मागच्या बाकावर बसव आणि एकच काम दे : कोणती मुलं तासभरात एकदाही बोलली नाहीत, एवढंच टिपायचं. तिच्या तासाला तू बस. मार्गदर्शक मॅडमना त्या वह्या दाखव. तक्रारीच्या सुरात नको, 'मॅडम, हे असं आलंय, उद्या काय बदलू?' असं विचार. बहुतेक शिक्षकांना असा प्रश्न आवडतो, त्यांना तो फारसा कुणी विचारत नाही. शिवाय वहीच्या समासात 'माझ्या हातात नाही' असाही एक कोपरा ठेव. वर्गात पन्नास-साठ मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, साहित्य कपाटात कुलूपबंद, हे तुझ्या अध्यापनाचे दोष नाहीत. ते वेगळे लिहिले नाहीत तर सगळा भार तू स्वतःवर घेशील.

आता वडिलांचं म्हणणं. ते चुकीचं बोलत नाहीत. भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली आणि मग २०२५ मध्ये. ज्या मुलांनी ती वर्षं वाट पाहण्यात घालवली, त्यांच्या घरी जाऊन मी बसले आहे. ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बी.एड.च्या आधारावर पहिली ते पाचवीची दारंही बंद झाली आहेत. तुझं क्षेत्र सहावीपासून पुढे. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर लागेल : १५० गुण, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के. अभियोग्यता चाचणी २०० गुणांची, त्यात १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. तिथल्या बुद्धिमापन आणि तर्काच्या प्रश्नांची तयारी बँकेच्या तयारीशी बरीच जुळते. त्यामुळे क्लास लावायला माझी हरकत नाही, संध्याकाळचा लाव. घराला दुसरी वाट दिसत राहिली तर तुझ्यावरचा ताणही कमी होईल.

पण बी.एड. आत्ता सोडू नकोस. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांनी अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला तो मुख्यतः शाळेतल्या या दिवसांसाठी : एकूण २० आठवडे, त्यांतले १६ दुसऱ्या वर्षी. फीचे पैसे गेले, पहिलं वर्ष गेलं, आणि ज्यासाठी ते सगळं केलं तो भाग आत्ता कुठे सुरू झालाय. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर मुलाखतीसह निवड करणाऱ्या संस्था असोत की खासगी शाळा, 'मुलांना न समजलेला तुमचा एखादा पाठ सांगा' असं कुणी विचारलं तर बहुतेक उमेदवार गप्प होतात. तुझ्याकडे सांगायला काहीतरी असेल. आंतरवासिता संपल्यावर ती दोनशेपानी वही घेऊन बस. शेवटच्या महिन्यातल्या नोंदी लिहिताना उत्सुकता होती की नुसतं ओझं होतं, ते तुला तुझ्याच अक्षरात दिसेल. ओझंच दिसलं तर बँकेत जा, त्यात कमीपणा नाही, आणि तेव्हा वडिलांना नुसत्या भीतीपेक्षा भक्कम कारण देता येईल.

उद्या सहावीवर तास असेल तर एक कर. ज्यांनी ३.१२ मोठी लिहिली त्यांतल्या तिघांना एकेक करून जवळ बोलाव. 'हे कसं काढलंस, मला सांग' एवढंच म्हण, रागावलीस असं वाटणार नाही अशा आवाजात. ते सांगतील तेव्हा मध्ये दुरुस्त करू नकोस. आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून मला पाठव.