नसेसाठी धागा काढायला बसण्याआधी

भाऊ, पहिला महिनाभर पेशींना हात लावू नकोस. आधी धागा काढायला शीक, म्हणजे इलेक्ट्रोस्पिनिंग: क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेलं प्लास्टिक सुईतून मोठ्या व्होल्टेजने ओढून फिरत्या ड्रमवर बारीक धाग्यांची जाळी धरायची. तुटलेल्या नसेत (मज्जातंतूत, रक्तवाहिनीत नव्हे) श्वान पेशी, म्हणजे नसेला आधार देणाऱ्या पेशी, रांग धरतात आणि त्या रांगेच्या आधाराने अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा लांब फाटा, पुढे सरकतो, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. आपला धाग्यांचा सांगाडा म्हणजे त्या रांगेला आखून दिलेली वाट. धागे समांतर नसतील तर अक्षतंतू भरकटतो. ड्रम हळू फिरवलास की जाळं जिनिंगमधल्या रुईसारखं गुंतलेलं पडतं. वेग वाढव, तेव्हा कुठे पेळूतल्यासारखे तंतू सरळ येतील. प्रत्येक खेपेला सूक्ष्मदर्शकाखाली बघ, नुसत्या डोळ्यांवर विसंबू नकोस.

आपल्या जळगावची हवा हा वेगळाच ताप. मे महिन्यात क्लोरोफॉर्म सुईच्या टोकावरच उडून जातो, टोकाला पांढरी गुठळी धरते आणि धार तुटते. पावसाळ्यात उलट, दमट हवेने धाग्यावर बारीक छिद्रं पडतात. म्हणून वहीत व्होल्टेजसोबत तापमान आणि आर्द्रताही लिहीत जा. मी ते वर्षभर लिहिलं नाही, आणि चांगली आलेली एक जाळी पुन्हा कधी जमलीच नाही.

आणखी एक. आपल्या धाग्याचं प्लास्टिक, पॉलिकॅप्रोलॅक्टोन, साधारण ६० अंशांना वितळतं. माझा पहिला नमुना मी मोठ्या ऐटीत ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, ठेवला, १२१ अंशांवर. बाहेर आला तो मेणाचा गोळा! निर्जंतुक करायला इथेनॉल आणि अतिनील प्रकाश वापर. क्लोरोफॉर्मचं काम मात्र फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात, आणि सुईजवळ हात नेण्याआधी व्होल्टेज बंद.